विद्यापीठाच्या कचेरीतली पस्तीस वर्षं

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या इंदूरच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यात्या मध्य प्रदेशातल्या एका विद्यापीठातून साहाय्यक कुलसचिव म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. गणपतीपुढे व्याख्यान द्यायला लोक संशोधक बोलावतात, लेखक बोलावतात. मी आयुष्यभर फाइली केल्या. पण सचिव म्हणाले, "काकू, मुलांना सांगा की विद्यापीठात प्राध्यापक सोडून आणखी कोण असतं." मग मला वाटलं, हे सांगता येईल. आणि दुसरं असं की ज्याच्यापुढे आपण बसलोय तो स्वतः लेखनिक आहे. व्यासांनी महाभारत सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं ठरलं तेव्हा त्यानं अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या दुसऱ्या अटीचा अर्थ मला नोकरीत अठरा वर्षं झाल्यावर कळला, आणि तोही दुसऱ्या कुणाची तरी किंमत देऊन. ती हकीकत पुढे सांगते.

मी १९८३ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. बी.एस्सी. झालेली, गणित घेतलेलं, लग्न होऊन वर्ष झालेलं. पदवी माहेरच्या नावाची आणि अर्ज सासरच्या नावाचा. रुजू व्हायच्या आधी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं की या दोन्ही बाया मीच आहे. मला नेमलं परीक्षा विभागात.

आता विद्यापीठात परीक्षा विभागाचं स्थान काय, हे थोडं सांगायला हवं. आपल्या देशातली पहिली तीन आधुनिक विद्यापीठं, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास, १८५७ साली निघाली तीच मुळी परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. इंदूरचं होळकर कॉलेज १८९१ सालचं. पण इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९६४ साली. मधल्या काळात इथली मुलं इथेच शिकली आणि पदवी बाहेरच्या विद्यापीठाची मिळाली. १९२७ साली आग्रा विद्यापीठ निघालं, त्याच्या कक्षेत मध्य भारतही होता. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांची आग्र्याची पदवी ट्रंकेत असेल. आजोबांनी कदाचित आग्रा पाहिलंही नसेल! त्यांची आणि त्या विद्यापीठाची ओळख होती ती फक्त एका रजिस्टरातल्या ओळीतून. ती ओळ बरोबर लिहिणारा कुणीतरी लिपिक तिथे बसलेला होता, म्हणून आजोबांना नोकरी लागली आणि आपलं घर इथे उभं राहिलं.

त्या रजिस्टराला आम्ही टीआर म्हणायचो, टॅब्युलेशन रजिस्टर. परीक्षकाकडून गुणांच्या फॉइल यायच्या. एकजण मोठ्यानं वाचणार, दुसरा रजिस्टरात लिहिणार, तिसरा टिक करणार. मग दुसऱ्या जोडीनं वेगळं केलेलं काम याच्याशी ताडून बघायचं. कुठे जागा रिकामी राहिली की लाल पेन्सिलीनं गोल करायचा. तो गोल मिटेपर्यंत त्या मुलाचा निकाल राखून ठेवायचा. मे-जूनमधला उकाडा, पंखा लावला की कागद उडतात म्हणून पंखा बंद. हे काम वरून कंटाळवाणं दिसतं. पण माझे पहिले मोठे बाबू सांगायचे, "बेटा, ये नंबर नहीं हैं, ये लड़के हैं." त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली.

नव्वदच्या सुमारास आमच्याकडे संगणक आला. निकालाचं काम बाहेरच्या एजन्सीला गेलं. त्यांच्याकडून लांबच लांब जोडकागदावर छापलेला टीआर यायचा, आणि सोबत फ्लॉपीवर फॉक्सप्रोच्या फाइली. त्या फाइली उघडून बघायला कुणीतरी हवं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, आप गणितवाली हैं, आप सीख लीजिए." मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकले. मुलं लहान होती, सासूबाईंनी सांभाळली. त्या स्वतः चौथी शिकलेल्या होत्या. हे मी इथे मुद्दाम सांगते, कारण माझ्या बढतीच्या आदेशावर त्यांचं नाव कुठेच नाही.

मग वेब आलं. तरुण मंडळींना वाटतं ते आकाशातून पडलं. तसं नाही. जिनिव्हाजवळ सर्न नावाची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक टिपण लिहून वरिष्ठांकडे दिलं. अडचण आपल्या कुठल्याही कचेरीतली होती. माणसं येतात, जातात, माहिती वेगवेगळ्या यंत्रांत अडकते, कुणाला कुठे काय आहे ते सापडत नाही. त्यावर त्यांनी कागद एकमेकांना जोडायची युक्ती काढली. आणि तिथल्या लोकांनी सुरुवातीला हे वेब कशासाठी वापरलं? संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी बघायला! अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर डिसेंबर १९९१ मध्ये स्टॅनफर्डजवळच्या अशाच प्रयोगशाळेत लागला, तो तिथल्या ग्रंथालयाची संशोधन-निबंधांची सूची दाखवण्यासाठी. म्हणजे वेबचा जन्मच संस्थेच्या कारभारासाठी झाला. १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्ननं ते सगळ्यांना फुकट खुलं केलं, म्हणून आज ते तुमच्या-माझ्या हातात आहे.

आपल्याकडे शिक्षणसंस्थांना जोडणारं अर्नेट १९८६ साली सुरू झालं, पण ते आय.आय.टी.सारख्या मोठ्या संस्थांपुरतं. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. आमच्या विद्यापीठात जोडणी यायला त्यानंतर काही वर्षं गेली. टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम किरकिर करायचा, मध्येच कुणी फोन उचलला की सगळं बंद. मी आणि एक कंत्राटी मुलगा, आम्ही दोघांनी पुस्तक समोर ठेवून नोटपॅडमध्ये पहिली पानं लिहिली.

पहिल्या पानावर काय असावं यावर मोठी बैठक झाली. इमारतीचा फोटो, कुलपतींचा संदेश, हलणारी स्वागताची पाटी, असं ठरलं. (आपण मराठीत कुलगुरू म्हणतो त्यांना हिंदीत कुलपती म्हणत. २०२४ साली मध्य प्रदेश सरकारनं 'कुलगुरु' हेच पदनाम घेतलं, तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगितलं, बघा, शेवटी आपलंच ऐकलं!) बैठकीत कुणी विचारलं नाही ते मी खिडकीवरच्या शिपायाला विचारलं. दिवसभर मुलं तुझ्याकडे काय मागतात? तो म्हणाला, तीनच गोष्टी. निकाल लागला का, फॉर्मची शेवटची तारीख काय, आणि सिलेबस कुठे मिळेल. मुलांनो, वेबसाइट करण्याचं सगळं शास्त्र यात आलं. वरचे लोक सांगतात ते करावं लागतं, पण खिडकीवर उभा असलेला माणूस काय मागतो ते आधी शोधा.

म्हणून आम्ही ठरवलं, २००१ चा निकाल वेबवर टाकायचा. रोल नंबर टाकला की गुण दिसणार. तोपर्यंत तालुक्याच्या गावातली मुलं वर्तमानपत्रात नंबर शोधायची किंवा बस करून यायची. मला फार हौस होती. नुसता पास-नापास न दाखवता विषयवार गुण, बेरीज आणि श्रेणी दाखवावी असं मला वाटलं. एजन्सीच्या फाइलमध्ये निकालाचा रकाना होता, पण बेरीज आमचाच प्रोग्रॅम करायचा आणि निकालही तोच ठरवायचा. तपासून बघितलं, दोनशे-तीनशे नंबर बरोबर आले. संध्याकाळी पान सुरू केलं. साहेबांनी पेढे मागवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर एक मुलगी उभी होती, बरोबर भाऊ. बी.ए. अंतिम वर्ष. हातात सायबर कॅफेतून काढलेला कागद. एका विषयात शून्य, खाली 'अनुत्तीर्ण'. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "मैडम, मैंने पेपर दिया था." मी टीआर काढला. तिच्या ओळीत शून्य नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. तिच्या कॉलेजचे त्या एका विषयाचे गुण उशिरा आले होते, म्हणून एजन्सीनं जागा रिकामी ठेवून निकालाच्या रकान्यात 'राखून ठेवला' असं लिहिलं होतं. छापील टीआरमध्ये सगळं बरोबर होतं. माझ्या प्रोग्रॅमनं रिकामी जागा बेरजेत घेतली, शून्य धरली आणि त्या कॉलेजात तो विषय घेतलेली सगळी मुलं नापास करून टाकली.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे. शून्य हे उत्तर आहे, रिकामी जागा हा प्रश्न आहे. लाल पेन्सिलीचा गोल काढणाऱ्या माझ्या जुन्या बाबूंना हे माहीत होतं, मलाही सहा वर्षं माहीत होतं. पण यंत्रासमोर बसल्यावर मी विसरले. यंत्राची लेखणी गणपतीसारखी न थांबता चालते. पण अर्थ समजून घेण्याची अट यंत्राला कुणी घालत नाही, ती आपल्याला घालावी लागते.

पान तासाभरात दुरुस्त झालं. प्रश्न पुढचा होता. एक वरिष्ठ म्हणाले, गुपचूप बदला, कुणाला कळणार आहे? मी तसं केलं असतं तर वाचले असते. पण ज्यांनी तो कागद आधीच पाहिला, त्यांना कोण सांगणार? मी नोटशीटवर लिहिलं की चूक प्रोग्रॅमची आहे, प्रोग्रॅम माझा आहे. पानावर तारखेसह दुरुस्ती लावली आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला घरच्या पत्त्यावर पत्र घातलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. एक वेतनवाढ सहा महिने थांबली. तक्रार नाही, चूक झालीच होती.

ती खिडकीवरची मुलगी पास होती, चांगल्या गुणांनी. एम.ए.च्या प्रवेशाची मुदत तिची चुकली नाही. बाकीच्याही मुलांनी हळूहळू गुणपत्रिका नेल्या. एक सोडून. तीही मुलगीच होती, लांबच्या गावातली. पत्र परत आलं. कॉलेजात चौकशी केली, कुणाला काही माहीत नव्हतं. ती पास होती, पण तिनं सायबर कॅफेतला तो कागद बघून पुढे काय ठरवलं, घरच्यांनी काय ठरवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशीही तिची गुणपत्रिका त्या लोखंडी कपाटात होती. चार्ज देताना मी नव्या मॅडमना तेवढी एक वस्तू वेगळी दाखवली.

ही गोष्ट मी आजवर कार्यक्रमात कुठे सांगितली नव्हती. आज सांगितली, कारण समोर संगणक शिकलेली पुष्कळ मुलं बसली आहेत. तुम्ही लिहाल त्या प्रोग्रॅमच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते प्रत्येक वेळी खिडकीवर येतंच असं नाही.

आता आपल्या लोकांशी संबंधित एक गोष्ट सांगते. ती आहे 'ळ'ची. काळे, गोखले, टिळक, मुळे, धुळेकर, कुऱ्हाडे अशी आपली आडनावं. गोखले सुटतात, बाकीच्यांचं काय होतं? इथे हिंदीत लिहिणारा काळेचं 'काले' करतो, मुळेचं 'मुले'. इंग्रजीतून परत देवनागरीत आलं तर आणखी मजा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पदवीवर दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसरं. आपण हसून सोडून देतो. पण आता सगळे अर्ज वेबवर आहेत, आणि यंत्र हसून सोडत नाही. नाव जुळलं नाही की अर्ज पुढे सरकत नाही.

यात यंत्राचा दोष थोडा आणि आपल्या आळसाचा जास्त, असं माझं मत आहे. 'ळ' संगणकात पहिल्यापासून आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिपींचं जे काम सुरू झालं, त्यात मोहन तांबे हे एक प्रमुख नाव, आणि ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून इस्की ही संकेतप्रणाली झाली, १९९१ साली ती भारतीय मानक ठरली. युनिकोडमधली देवनागरी तिच्याच पायावर उभी आहे. तिथे 'ळ'ला स्वतःची जागा आहे, कुऱ्हाडेमधल्या 'ऱ्ह'साठी लागणाऱ्या 'ऱ'लाही आहे. पण कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालले. त्यात पडद्यावर दिसतं मराठी-हिंदी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. त्यामुळे फॉन्ट नसलेल्या यंत्रावर कचरा दिसतो, शोधायला गेलं तर काही सापडत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर निरर्थक अक्षरं बडबडतं. आमची सगळी पानं युनिकोडमध्ये आणायला मला चार वर्षं भांडावं लागलं. नोकरीतली माझी कुठली गोष्ट टिकेल असं विचाराल, तर मी हीच सांगेन.

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. मुलांची आधार, दहावी, बारावी आणि कॉलेजची नावं एका कागदावर खाली-खाली लिहा. फरक दिसला तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा, कारण बाकी सगळे तेच बघतात. लग्न झालेल्या मुलींनी माहेरच्या नावाच्या पदव्या, विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचा कागद एकत्र ठेवावा. डिजिलॉकर २०१५ पासून आहे; त्यात संस्थेनं स्वतः दिलेला दाखला आता मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. २०२१ पासून विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणारी ॲकॅडमिक बँकही आली आहे. पण त्या बँकेतलं खातं उघडतं ते नाव बरोबर असेल तरच.

तरुणांनी विचारलं आहे, या क्षेत्रात यावं का? जरूर यावं. विद्यापीठांना संगणक कळणारी माणसं हवी आहेत, आणि त्याहून जास्त हवी आहेत ती दोन्ही कळणारी, म्हणजे संगणकही आणि अध्यादेशही. नुसता प्रोग्रॅम येणाऱ्याला कृपांक कुणाला मिळतात, पूरक परीक्षेचा नियम काय, हे ठाऊक नसतं. नुसता नियम येणाऱ्याला यंत्र काय गृहीत धरतंय ते दिसत नाही. या दोघांच्या मध्ये बसणारा माणूस दुर्मीळ आहे. पगार बाहेरच्या कंपन्यांइतका मिळणार नाही. नाव तर मुळीच होणार नाही. निकाल वेळेवर लागला तर कुणी अभिनंदन करत नाही. अडकला तर मात्र वर्तमानपत्रात येतं. पण दर वर्षी जून महिन्यात हजारो घरांत तुमच्या कामाची वाट पाहिली जाते. ते समाधान मी पस्तीस वर्षं घेतलं.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिका घराघरांत पडल्या आहेत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघराच्या खालच्या खणात. त्यांत या गावात आलेल्या मराठी घरांची नावं आहेत, नाटकांचे नटसंच आहेत, वर्गणीदारांच्या याद्या आहेत. वाळवी लागायच्या आधी त्या आणून द्या. नुसते फोटो काढून ठेवून भागणार नाही. नावं युनिकोडमध्ये टाइप करायची, म्हणजे उद्या अमेरिकेतली नात पणजोबांचं नाव शोधेल तेव्हा सापडेल. टाइप करायला मी बसते, रविवारी सकाळी, इथेच. चार मुलं मदतीला द्या. एकानं वाचायचं, एकानं लिहायचं, एकानं टिक करायचं. आणि जिथे नाव वाचता येणार नाही तिथे अंदाजानं काही भरायचं नाही. जागा रिकामी ठेवायची आणि लाल गोल काढायचा.



गणपती बाप्पा मोरया!